अंश आणि छेद

आंकड्यांविषयीं सुशिक्षित माणसाच्या मनांत मोठा आदर असतो. शब्द फसवितात, आंकडे फसवीत नाहींत, असें आपण मानतों. आम्ही व्यवसायानें वाङ्मयाचे अध्यापक. गणिताशीं आमचा संबंध पदवीबरोबरच सुटला. तरीहि अनुभवानें इतकें कळून चुकलें आहे कीं, एकटा आंकडा अर्धेंच वाक्य बोलतो आणि उरलेलें वाक्य ऐकणाऱ्याची भीति पुरें करते.

इ. स. २०२० च्या साथींत हें घरोघर दिसलें. वस्तीवार रोगीसंख्या रोज वर्तमानपत्रांत येई आणि सकाळच्या चहाबरोबर तिचें वाचन होई. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें एका दाट वस्तीचा आंकडा सर्वांत मोठा पाहिला आणि तेथून येणाऱ्या मोलकरणीस दार बंद केलें. त्या वस्तींत माणसें किती राहतात, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. रोग्यांची संख्या हा केवळ अंश होय. लोकसंख्येचा छेद त्याखालीं मांडल्यावांचून दोन वस्त्यांची तुलना होऊंच शकत नाहीं.

छेदाचें सामर्थ्य पाहावयाचें तर १८५४ सालच्या लंडनकडे वळावें. तेथें पटकीची साथ चालू होती. दूषित हवेनें पटकी होते, असें त्या काळचें बहुमान्य मत. डॉक्टर जॉन स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता. शहराच्या दक्षिण भागांत दोन कंपन्यांचे नळ पुष्कळदां एकाच रस्त्यानें जात. शेजारच्या दोन घरांस हवा एक, पाणी निराळें! साउथवर्क अँड व्हॉक्सॉल कंपनी शहराच्या सांडपाण्यानें घाण झालेलें थेम्स नदीचें पाणी पुरवी. लॅम्बेथ कंपनीनें १८५२ मध्यें आपला उपसा नदीच्या वरच्या अंगास, थेम्स डिटन येथें, नेला होता. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या घरांत १,२६३ मृत्यु घडले, दुसरीच्या घरांत ९८, आणि उरलेल्या लंडनमध्यें १,४२२. नुसता अंश पाहणारा म्हणेल, उरलेलें लंडनच सर्वांत वाईट! आतां छेद मांडूं. पहिल्या कंपनीचीं घरें ४०,०४६, दुसरीचीं २६,१०७, उरलेल्या शहराचीं २,५६,४२३. दर दहा हजार घरांमागें मृत्यु, वरचा अपूर्णांक सोडल्यास, अनुक्रमें ३१५, ३७ व ५५. एका भागाकारानें आरोपी बदलला.

स्नो यांचा हिशेब मृत्यूंचा व घरांचा होता. रोगाचा नवोद्भवदर काढतांना नव्यानें आजारी पडलेले मोजतात, आणि छेदांत माणसांबरोबर काळहि घेतात. हजार माणसें एक वर्ष पाहिलीं काय किंवा पांचशें माणसें दोन वर्षें पाहिलीं काय, मनुष्यवर्षें हजारच. सहा महिन्यांनीं जो गांव सोडून गेला त्याचें अर्धें वर्ष धरावयाचें. जो आजारी पडला त्याचा काळ आजाराच्या दिवशीं संपला. अशीं हजार मनुष्यवर्षें भरेपर्यंत दहा नवे रोगी निघाले, तर दर हजारीं दहा.

येथें आणखी एक घोटाळा टाळावा लागतो. हौदांत पडणारी धार निराळी आणि हौदांत सांचलेलें पाणी निराळें. १९२२ पासून इन्शुलिन मिळूं लागलें आणि ज्यांना तें मिळालें असे मधुमेही अधिक वर्षें जगूं लागले. अशा वेळीं नव्या रोग्यांची धार तितकीच राहिली तरी हयात रोग्यांची संख्या वाढते. ती वाढ पाहून औषधासच दोष देणें हा केवढा अन्याय!

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति कीं, घरांत कोणीं रोगाचा आंकडा सांगितला तर तीन प्रश्न विचारावे: कितीजणांपैकीं? किती काळांत? नवे कीं जुने धरून? या प्रश्नांनीं रोग हटणार नाहीं. परंतु रोगाच्या भीतीनें निरोगी माणसांवर जो अन्याय होतो, तो पुष्कळ कमी होईल.