जुन्या जीसीसीवर नवा पायथन
सेंटओएस ७ सोबत येणारा जीसीसी ४.८.५ हा कंपायलर २०१५ सालचा. सी९९ आणि सी११ ही मानके तो ओळखतो, पण तसे फ्लॅग देऊन सांगावे लागते. न सांगता ‘फॉर’च्या कंसातच व्हेरिएबल जाहीर केले, की एरर देऊन थांबतो. पायथन ३.११ ला सी११ लागते आणि तो फ्लॅग कॉन्फिगर स्क्रिप्टच जोडते. खरी फसगत नंतरची. ‘मेक’ सुरळीत संपते. फक्त शेवटच्या ओळींत एसएसएल मॉड्यूल तयार झाले नसल्याची नोंद असते. मग पिपला एकही पॅकेज उतरवता येत नाही. खापर म्हाताऱ्या कंपायलरवर फुटते. पण दोष सेंटओएस ७ मधल्या ओपनएसएसएल १.०.२ चा, कारण पायथन ३.१० पासून किमान १.१.१ लागते. इन्स्टॉल करताना ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’च वापरावे, म्हणजे आधीच्या पायथन३ला धक्का लागत नाही.