माझ्या वाट्याचा मोखाडा

सायकल आणि मी यांचा संबंध बी. कॉम. झाल्यावर संपला होता. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा जुळेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण गेल्या फेब्रुवारीत तो जुळला आणि तोही मोखाड्याच्या चढावर!

झाले असे की, आमच्या ओळखीच्या चार तरुणांनी नाशिक ते पालघर अशी सायकल रिले काढायचे ठरवले. सायकल एक, स्वार चार. एकाने आपला टप्पा संपवून दुसऱ्याच्या हाती सायकल द्यायची. मार्ग त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा. आमचा हिशेब 160 किलोमीटरचा. देणगीदाराने किलोमीटरला एक रुपया द्यायचा आणि त्या पैशातून मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या वृद्धांचे डोळे तपासून चष्मे द्यायचे. मी कारकून माणूस, तेव्हा पावतीपुस्तक ओघानेच माझ्याकडे आले. 240 पावत्या फाटल्या, 38,400 रुपये जमा झाले. निघायच्या आदल्या आठवड्यात एका स्वाराचा गुडघा धरला. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. त्यातल्या त्यात लहान टप्पा, मोखाडा ते जव्हार, पंचवीसएक किलोमीटर, माझ्या वाट्याला आला.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ 2015 साली अमेरिकेतील 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीत उतरले होते. पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्वेच्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर. दोघांपैकी एकजण रात्रंदिवस रस्त्यावर असलाच पाहिजे. एक थकला की दुसरा. संघांना नऊ दिवसांची मुदत असते. त्यांनी 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत अंतर कापले. आणि त्यांच्या संघाचे नाव काय, तर 'व्हिजन फॉर ट्रायबल्स', म्हणजे आदिवासींसाठी दृष्टी. पुढे 2017 साली नाशिकचाच चौघांचा 'टीम सह्याद्री' हा संघही ती शर्यत पूर्ण करून आला. त्यांच्यापुढे आमचे 160 किलोमीटर म्हणजे दुधाच्या भांड्यातला थेंब. पण थेंब तर थेंब.

पहाटे नाशिकहून निघालो. माझ्या आधीचा गडी तोरंगणचा घाट उतरून मोखाड्यात आला तेव्हा उन्हे चांगलीच वर आली होती. माझी उंची कमी, म्हणून पान्याने सीट खाली केली. पाठीमागचा टेम्पो जव्हारला पुढे जाऊन थांबणार, असे ठरले. निघालो.

पहिला चढ लागला आणि छाती भात्यासारखी वर-खाली होऊ लागली. कुठे पळस फुलला होता, पण पळस पाहायची स्थिती माझी नव्हती. दोन चढ मी सरळ उतरून सायकल हाताने ढकलली. (हे टीमला अजून सांगितलेले नाही. इथे वाचतील.) पाडे निम्मे रिकामे दिसत होते. दिवाळीनंतर इथली माणसे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि पोरे.

एका पाड्याजवळ रस्त्याला लागून विहीर होती. टँकर नुकताच विहिरीत पाणी ओतून गेलेला, आणि काठावर बायकांची दाटी. मी पाणी मागायला थांबलो. खरे तर दम खायला थांबलो. एका आजीने तांब्या पुढे केला आणि विचारले, "दादा, सायकलवर कुठं निघाला एवढ्या उन्हात?"

मी चष्म्याचे सगळे सांगितले. आजी हसली. म्हणाली, "आमचं डोळं बरं हाय. विहिरीचा तळ दिसतो."

बायका हसल्या. मग एकीने विचारले, "तुमी कुठलं?"

"मुंबईचा. कुर्ल्याला राहतो."

"मग आमचं पानी तुमच्याकडंच येतं."

ती रागाने म्हणाली नाही; बाजारभाव सांगावा तसे म्हणाली. मला मात्र पुढचा घोट घेववेना. मोखाडा तालुक्यातच कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. 2014 साली त्याचे लोकार्पण झाले. त्यातून मुंबईला दररोज 455 दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि ते मिळू लागल्याचा आनंद आमच्या चाळीतही झाला होता. जमा-खर्चाच्या वहीत मी आयुष्यभर दोन बाजू जुळवत आलो. इथे एका बाजूला 455 दशलक्ष लिटर आणि दुसऱ्या बाजूला 38,400 रुपये. जुळवा म्हणावे!

पाड्यावर नळ बसलेले होते, तोट्या कोरड्या होत्या. टँकरसाठी काय करता, असे विचारले तर ठराव, पाहणी, मंजुरी ही सगळी वाट बायकांना तोंडपाठ. त्यांचा ठराव झाला होता. टँकर एक दिवसाआड येत होता. तो रोज यावा, हा अर्ज अडकला होता. मी पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानामागे अर्जाचा मसुदा लिहून दिला. एका शिकलेल्या सुनेने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन शब्द बदलायला लावले. ते तिचेच बरोबर होते.

यात तब्बल पाऊण तास गेला. जव्हारला पोहोचलो तर शेवटचा स्वार हेल्मेट घालून उभा, चेहरा लाल. तोवर राजवाडा पाहायला आलेली पर्यटक मंडळी आमच्याकडे कुतूहलाने बघत होती. 1992-93 साली याच तालुक्यातील वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली होती, तेव्हा आम्ही कॉलेजची पोरे वर्तमानपत्रात ते वाचून सुन्न झालो होतो. तीस वर्षांनी मी प्रथमच इथे आलो होतो, तेही उशिराने. पालघर गाठेपर्यंत अंधार पडला.

चष्म्यांचे शिबिर मार्चमध्ये झाले. हसणारी आजीही आली. तिला चष्मा लागलाच! चष्मा लावल्या लावल्या तिने सुपातल्या वरईतले खडे वेचायला घेतले. सर्व खर्च जाऊन 9,150 रुपये शिल्लक राहिले. टीममधले म्हणतात, विहिरीजवळ साठवणीची टाकी घेऊ. मी अडून बसलो. ज्यांनी डोळ्यांसाठी दिले त्यांचे पैसे त्यांना न विचारता पाण्याकडे वळवता येत नाहीत, हे बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. घरी सौ. म्हणाली, "मग विचारा की!"

म्हणून 240 देणगीदारांना पत्रे टाकली आहेत. पत्ते मुलीने लिहिले. आजवर 93 होकार आणि 4 नकार आले. एकाने लिहिले, टाकीत घालायला पाणी कुठून आणणार? त्यांना अजून उत्तर दिलेले नाही. दरम्यान पाड्याचा अर्ज दुसऱ्यांदा दाखल झाला आहे. त्याची पोच त्या सुनेने मला पाठवली, ती पावतीपुस्तकातच ठेवली आहे.