ओसरीवरचे तत्त्वज्ञान

वाचकहो, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे कधी गेलात, तर दुपारी जुन्या घरांच्या ओसऱ्यांकडे अवश्य पाहा. हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. माणसे शेतात गेली की घरी उरतात वृद्ध आणि त्यांना सांभाळणारे एखादे माणूस.

ओसरीचा उल्लेख मुद्दाम केला. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अथेन्समध्ये झेनो शिष्यांना शिकवीत असे, तो खांबांच्या अशाच एका ओसरीत. तिच्या भिंतींवर पॉलिग्नोटस आदी कलावंतांची चित्रे होती. अशा ओसरीस ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरूनच या पंथास ‘स्टोइक’ हे नाव पडले. पुढे याच पंथात एपिक्टेटस झाला, जन्माने गुलाम आणि पायाने अधू. शरीर, संपत्ती, लौकिक आपल्या स्वाधीन नाहीत, आपला विचार व प्रयत्न मात्र आपले आहेत, हे त्याच्या शिकवणीचे सार. (यवन आपल्याला अगदीच परके नव्हेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ यवनांनी दान दिल्याचे तेथील शिलालेख सांगतात.)

याच पंचक्रोशीतील एका आजींचा डावा हात पक्षाघाताने निकामी झाला. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना त्या कापड गुडघ्याखाली दाबून धरतात आणि उजव्या हाताने धावदोरा घालतात. “डाक्टरसाहेब, हात रिकामा राह्यला का जीव घाबरते,” एवढेच म्हणाल्या. गेलेल्या हाताविषयी चकार शब्द नाही. सून प्रेमापोटीच रात्री वाकडे टाके उसवून सरळ घालीत असे. ते थांबवावयास मी सांगितले. टाका वाकडा असला तरी तो त्यांचा आहे. गोधडी येणाऱ्या पणतवंडासाठी आहे आणि अजून अर्धी बाकी आहे.

आपल्या घरीही असे काही आरंभावयाचे असेल, तर मोठ्या नेढ्याची सुई, भरपूर उजेड आणि मध्ये विश्रांती एवढे पाहा. मधुमेहींच्या बोटांची संवेदना कमी झाली असल्यास सुई टोचलेली कळत नाही. त्यांना अंगुस्तान द्या, किंवा सुईऐवजी पोळ्याचे मातीचे बैल करू द्या. हात थरथरत असतील तरीही मातीच बरी. औषधे मात्र चालूच ठेवावीत. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहून झोप, भूक, बोलणे कमी झाले असेल, तर ‘वयोमानाने असे व्हायचेच’ असे न म्हणता डॉक्टरांना दाखवा.