वारा पूर्वेचा असावा
लंडनच्या हीथ्रो विमानतळानजीक, हॅटन क्रॉस स्टेशनापासून जवळच, मर्टल ॲव्हेन्यू नावाची गल्ली आहे. तिच्या टोकाच्या हिरवळीवरून उतरत्या विमानांची छायाचित्रे उत्तम येतात. सूर्यही दक्षिणेस, म्हणजे पाठीशी असतो. नातवासह आम्ही प्रथम गेलो, तो तेथे एकही विमान उतरेना! विमान वाऱ्यास सामोरे जाऊनच उतरते व उडते. त्या दिवशी वारा पूर्वेचा, म्हणून केवळ जाणारीच दिसली. पुढे पश्चिमेचा वारा सुटला, दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी पालटून दक्षिणेची झाली, तेव्हा कोठे नातवाची हौस फिटली.

आता आमचे स्वदेशी परतणे जवळ आले. "आजोबा, तुमच्या विमानाचे छायाचित्र मीच घेणार," असे तो म्हणतो. त्या दिवशी वारा पूर्वेचा असावा, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना!