फर्नाल्डची टेकडी

सिनसिनाटीहून वायव्येला तीसेक किलोमीटर गेलं की फर्नाल्ड येतं. "अगं आत्या, तिथं नुसतं गवत आहे," भाच्याने गाडी काढतानाच बजावलं होतं. खरंच होतं. कमरेएवढं प्रेअरीचं गवत, मधूनमधून पाणथळ जागा, बदकं. १,०५० एकरांच्या या आवारात एके काळी अमेरिकेच्या अण्वस्त्रांसाठी युरेनियम गाळलं जायचं, हे सांगूनही पटू नये.

१९५१ मध्ये शेतजमिनी घेऊन सरकारने कारखाना उभारायला घेतला. नाव 'फीड मटेरियल्स प्रॉडक्शन सेंटर', आणि पाण्याच्या टाकीवर लाल-पांढरे चौकोन. 'फीड' म्हणजे खाद्य, तेव्हा इथे जनावरांचं खाद्य बनतं, असाच आसपासच्या अनेकांचा समज! १९८४ मध्ये युरेनियमची भुकटी हवेत सुटल्याचं उघड झालं, शेजारच्या विहिरींतही युरेनियम असल्याचं लोकांना कळलं. लोकांनी संघटना बांधली, कोर्टात गेले. १९८९ मध्ये उत्पादन थांबलं.

अभ्यागत केंद्रात हा सगळा इतिहास मांडला आहे, अगदी सरकारला न शोभणाऱ्या गोष्टींसकट. मला मात्र ओढ होती ती पूर्वेकडच्या टेकडीची. किलोमीटरभर लांब, सुमारे वीस मीटर उंच, वर हिरवंगार गवत. निसर्गाचा तिच्याशी काही संबंध नाही. कारखान्याच्या सफाईत पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि कमी दूषित माती आठ कप्प्यांत भरून, खालीवर चिकणमाती आणि प्लॅस्टिकचे थर देऊन ती रचली आहे.

सगळंच बाहेर का नाही पाठवलं? भाच्याचा प्रश्न रास्त होता. पण 'बाहेर' म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी अंगण. स्थानिक नागरिकांच्या सल्लागार मंडळाने बराच खल करून तोडगा मान्य केला: जहाल कचरा दूर न्यायचा, सौम्य इथेच सांभाळायचा. मग कचरा-खड्ड्यांतला माल रेल्वेने युटाला गेला. बेल्जियन काँगोच्या खनिजातून उरलेला, रेडियमने भरलेला गाळ टाक्यांतून काढून टेक्ससला गेला. आपला वाटा आपल्या दारात ठेवून घेणारे हे शेजारी मला त्या सुंदर पाणथळ जागांपेक्षा जास्त मोठे वाटले.

२००६ मध्ये सफाई पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. खर्च ४.४ अब्ज डॉलर. 'पूर्ण' हा सरकारी शब्द. ग्रेट मायामी भूजलसाठ्यातलं युरेनियम कमी करण्यासाठी पंप त्यानंतरही चालूच राहिले. टेकडीतून झिरपणाऱ्या पाण्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

पायवाटा सर्वांना खुल्या आहेत, पण वाट सोडून जायला मनाई. इथे पुन्हा शेती किंवा वस्ती होऊ द्यायची नाही आणि जमीन कायम केंद्र सरकारच्याच मालकीची राहील, असं ठरलं आहे.