जाब, जबाब आणि उत्तरदायित्व

'जाब' आणि 'जबाब' हे दोन्ही शब्द 'जवाब' या एकाच शब्दापासून मराठीत आले. मुळात त्याचा अर्थ उत्तर. मराठीने मात्र 'जाब' हा शब्द 'विचारणे' या क्रियापदाला जोडला आणि उत्तराचा शब्द प्रश्नाच्या बाजूला नेऊन बसवला. 'जबाब' द्यायचा, 'जाब' विचारायचा. 1948 पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्यात जाब विचारण्याचा अधिकार दप्तराचा होता आणि जबाब देणे हे रयतेचे काम होते. लोकशाहीत ही दिशा उलटावी अशी अपेक्षा आहे. ती कितपत उलटली, हा प्रश्न अर्धापूरसारख्या वाढत्या गावात आम्हांस वारंवार पडतो.

अर्धापूर हे केळीचे गाव. इसापूर धरणाच्या कालव्यांनी या परिसरातील बागायत विस्तारली. पुढे तालुक्याची कार्यालये आली, राष्ट्रीय महामार्ग रुंद झाले, नांदेड जवळ आले. शेतांचे भूखंड झाले आणि ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. या बदलाचे स्वागत झाले ते योग्यच. तथापि त्यात एक गोष्ट निसटली, तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायतीच्या कायद्यानुसार मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. ग्रामसभा अनेकदा कागदावरच भरते, गणपूर्तीअभावी तहकूब होते, हे आम्ही जाणतो. तरीही मजूर बाईला सरपंचासमोर उभे राहून 'पैसा कुठं गेला?' असे विचारण्याचा हक्क तेथे असतो. नगरपंचायतीत सतरा प्रभागांचे सतरा सदस्य निवडून जातात आणि सभा त्यांची असते. मतदार तिचा सदस्य नसतो. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्याही तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या. म्हणजे खेडे लहान म्हणून त्याला सभा आणि महानगर मोठे म्हणून त्याला समिती. मधल्या गावाला मात्र पाच वर्षांतून एकदा मत.

उरतो तो 2005 चा माहिती अधिकार. व्यावहारिक मराठीच्या तासाला आम्ही अर्जलेखन शिकवतो. विद्यार्थी सवयीने 'तरी कृपया लक्ष द्यावे, ही नम्र विनंती' असा शेवट करतात. माहितीच्या अर्जात ही विनवणी उपयोगी पडत नाही. तेथे लिहावे लागते : अमुक रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांनी असा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवायला सांगितले. सारांशलेखनाचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा कठीण आहे. विनंती करणारे वाक्य मागणी करू लागले की लिहिणाऱ्याचा ताठ झालेला कणा अक्षरांतूनही दिसतो.

पण अर्ज एकट्याचा असतो, सभा सर्वांची. कागदाला कागदाने उत्तर मिळते. शेजाऱ्याला ते ऐकू येत नाही. आणि जाब ज्यांना विचारायचा ते निवडून आलेले लोकच नसतील तर? नांदेड जिल्हा परिषद आणि नांदेड-वाघाळा महानगरपालिका या दोहोंची मुदत 2022 साली संपली. निवडणुका रखडल्या आणि दोन्ही ठिकाणी प्रदीर्घ काळ प्रशासक राहिले. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण त्याला पुन्हा मत मागायला दारात यावे लागत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना जोतीराव फुले 'गुलामगिरी'चे लेखक म्हणून ठाऊक असतात. 1876 पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता, हे आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. ग्रंथातला प्रश्न आणि नगरपालिकेतला प्रश्न त्यांच्यालेखी वेगळे नव्हते.

'उत्तरदायित्व' हा शब्द आज प्रत्येक शासकीय परिपत्रकात सापडतो. त्यात उत्तर आहे, दायित्वही आहे; विचारणारा मात्र नाही. तो 'जाब' या जुन्या, खरखरीत शब्दात आहे. वाढत्या गावाला रस्ते आणि नळ हवेत, यात वाद नाही. पण त्यांचा जाब चारचौघांत विचारता येईल अशी एक जागाही हवी. कायद्याने ती दिली नसेल, तर गावाने प्रभागाप्रभागांत ती स्वतः भरवावी.