पाट, शिडी आणि पिल्लू

ॲजिलिटी हा कुत्रा आणि त्याचा माणूस यांनी जोडीने खेळायचा अडथळ्यांचा खेळ. उड्या, बोगदा, दोन्हीकडे उतरती भिंत, फळीचा पूल, सी-सॉ आणि एका रांगेत रोवलेल्या बारा काठ्या, यांतून कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने आणि शक्य तितक्या वेगाने जायचे. माणसाने शेजारून पळत दिशा दाखवायची. कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावायचा नाही. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांवरून बेतलेला हा प्रकार दाखवला. दोन वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली आणि १९९६ पासून जागतिक स्पर्धाही सुरू झाल्या. मैदानावरचा एकेक खेळ मिनिटाच्या आत आटोपतो. त्याची तयारी मात्र दीड वर्षाची असते, आणि तीत उडी जवळजवळ नसतेच.

ही तयारी घरातच होऊ शकते, हे बहरीनमधल्या अरादसारख्या ठिकाणी फार सोयीचे ठरते. अराद मुहर्रक बेटावर आहे. एका अंगाला खाडी आणि पंधराव्या शतकातला किल्ला, दुसऱ्या अंगाला विमानतळ. जून ते सप्टेंबर दुपारचे तापमान चाळिशीच्या आसपास, आणि संध्याकाळी समुद्रावरून येणारी दमट हवा त्याहून त्रासदायक. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला वर्षातले चार महिने हॉल हेच मैदान समजावे लागते.

सुरुवात आवाजांपासून करावी. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षे निरीक्षणे करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ पिल्लाच्या घडणीत निर्णायक मानला आहे. या दिवसांत जे निर्धास्तपणे अनुभवले ते पुढे सवयीचे होते, आणि जे राहून गेले त्याची धास्ती पुष्कळदा कायमची राहते. लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून पिल्लाला कडेवर घेऊन बाल्कनीत, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये फिरवावे. विमान डोक्यावरून जाऊ लागले की खाऊ द्यायचा, आवाज विरला की खाऊ बंद. काही दिवसांत विमानाची घरघर ऐकली की पिल्लू वर न बघता माणसाच्या हाताकडे बघू लागते. १६ डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी येण्याआधी एवढे झालेले बरे. पुढे सी-सॉची फळी जमिनीवर आपटते तेव्हा पुष्कळ कुत्री त्या आवाजालाच बिचकतात, उंचीला नव्हे.

दुसरी गोष्ट मागच्या पायांची. पुढचे पाय नजरेसमोर असतात, मागचे त्यांच्यामागून येतात. आपल्याला चार पाय आहेत हे बऱ्याच कुत्र्यांच्या गावीही नसते. फळीचा पूल ३० सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास उंच असतो. त्यावर वेगाने धावताना मागचा पाय कुठे पडतो हे कळले नाही तर कुत्रा खाली येतो. मराठी घरात यावरचा उपाय बहुधा माळ्यावर पडलेला असतो: जेवणाचा लाकडी पाट. तो घसरू नये म्हणून खाली रबरी चटई घालावी. पिल्लाने पुढचे दोन पाय पाटावर ठेवले की खाऊ. ते जमले की माणसाने समोर उभे राहून पाटाभोवती अर्धे पाऊल सरकायचे. पिल्लू आधी मान वळवते, मग धड तिरके होते, आणि एका क्षणी मागचा एक पाय बाजूला पडतो. त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. बोटाने दाबून वाजवायचा क्लिकर असेल तर त्याचा ‘टिक’. पुढच्या खेपेला दुसरा पाय. असे करता करता पिल्लू पुढचे पाय पाटावर रोवून त्याभोवती पूर्ण फेरी मारते. बघणाऱ्याला ही सर्कस वाटते. पण मैदानावरचे प्रत्येक घट्ट वळण मागच्या पायांच्या याच कामावर उभे असते.

पाटानंतर शिडी. ती जमिनीवर आडवी टाकावी आणि पिल्लाने एकेका घरात पाय टाकत सावकाश चालावे. घाई केली तर पायऱ्यांना पाय लागतात, म्हणून खाऊ नाकासमोर आणि अगदी खाली धरायचा. सोफा आणि भिंत यांच्या चिंचोळ्या जागेतून उलटे चालणे हा तिसरा व्यायाम. डळमळणाऱ्या फळीची सवय व्हावी म्हणून प्लायवुडच्या तुकड्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला की पुरते. माणसापासून दूर जाऊन काम करायला शिकवताना श्रीखंडाच्या डब्याचे झाकण उपयोगी पडते. ते जमिनीवर ठेवायचे, पिल्लाने त्याला नाक लावायचे, परत येऊन खाऊ घ्यायचा, आणि रोज झाकण थोडे लांब सरकवायचे.

आखाती फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी हा मात्र खरा शत्रू. तीवर पाय फाकतात, सांध्यांना इजा होते आणि कुत्रा अंग आखडून चालायला शिकतो. सरावाच्या जागी गालिचा किंवा योगासनांची चटई हवीच.

आज्ञांच्या बाबतीत घरोघरी एकच गोंधळ दिसतो. आजी ‘बस’ म्हणतात, मुलगा ‘सिट’ म्हणतो, वडील ‘सिट डाऊन’ म्हणतात आणि कुत्रा तिघांकडे आळीपाळीने बघतो. भाषा कोणतीही चालते, शब्द एकच हवा. त्यातही कुत्रा शब्दापेक्षा खांदा आणि पाऊल जास्त वाचतो. माणसाची पावले ज्या दिशेला, त्या दिशेला तो वळतो; तोंडाने ‘इकडे’ आणि पायाने तिकडे, असे झाले की पायाचे ऐकले जाते. म्हणून कुत्र्याला डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना सारखे चालवावे. सुरुवातीच्या रेषेवर थांबण्याची शिकवण लिफ्टच्या दारात देता येते. दार उघडले तरी ‘चल’ म्हटल्याशिवाय बाहेर पडायचे नाही. बाहेर पडायला मिळणे हेच त्याचे बक्षीस.

जातीनुसार फरक पडतो. या खेळात बॉर्डर कोली आघाडीवर असतो, कारण माणसाच्या इशाऱ्याने वळणे हे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातच आहे. अरबस्तानचा सलूकी आणि दख्खनचा कारवान ही नजरेने सावज हेरून धावणारी कुत्री. कारवानचे पूर्वज व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आले असे मानतात. असा कुत्रा शिकारीमागे सुटला की हाक ऐकत नाही. त्याला आळशी किंवा मंद म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यासाठी खाऊपेक्षा दोरीला बांधून पळवलेली चिंधी कामाला येते. १९७९ पासून काम करणाऱ्या बहरीनच्या प्राणिदया संस्थेसारख्या ठिकाणाहून घेतलेल्या मिश्र जातीच्या कुत्र्यांतही ही धाव कधीकधी दिसते. अशांना हाकेला परत येण्याचे शिक्षण सर्वांआधी आणि बंदिस्त जागेतच द्यावे.

उडीची घाई करू नये. हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा पक्की व्हायला लहान कुत्र्यांत नऊ-दहा महिने आणि मोठ्यांत दीड वर्षापर्यंत लागते. त्याआधी उडीची दांडी जमिनीवर किंवा फार तर घोट्याइतकी. काठ्यांमधून नागमोडी पळण्याने पाठीचा कणा सारखा पिळतो, म्हणून तेही थांबवून ठेवावे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत १८ महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेश नाही. सरळ, आखूड बोगदा मात्र लवकर चालतो.

बाहेरचा सराव नोव्हेंबर ते मार्च. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, पण दमट हवेत जिभेवरचे पाणी उडत नाही, म्हणून ऊन उतरल्यावरही धोका टळलेला नसतो. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल तर पंजेही टेकवू नयेत. लाळ दाट झाली, चाल अडखळली की सराव तिथेच संपवून कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

सात-आठ वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांच्या उड्या कमी होतात, मग बंद होतात. पाट आणि शिडी बंद होत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय आधी थकतात, आणि त्यांची ताकद टिकवायला पशुवैद्यकीय फिजिओथेरपीतही हेच संथ व्यायाम करून घेतात. तेव्हा शिडी जाड गालिच्यावर ठेवावी, पाटाऐवजी त्याहून बुटकी फळी घ्यावी आणि पाच मिनिटांत सराव उरकावा.